नळीखालची मोकळी जागा

गेल्या वर्षी दसरा झाला आणि माझ्या गोळ्या भरकटायला लागल्या. चार गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या जायच्या आणि पाचवी उजवीकडे वर, भलतीकडेच. दुर्बिणीतून बघितलं की ते एकटं पडलेलं भोक मला वाकुल्या दाखवायचं. मी सांगलीच्या रेंजवर पोटावर पडून पन्नास मीटरवर रायफल मारते. पोटाला नोकरी आहे, शाळेत खेळाची शिक्षिका. सकाळी रेंज, मग शाळा, जमलं तर संध्याकाळी परत रेंज. लग्न केलेलं नाही. त्याबद्दल आमच्या गल्लीची काही मतं आहेत, ती गल्लीनं आपल्याजवळच ठेवावीत.

रायफल माझी नाही, क्लबची आहे. पण तिचं लाकूड, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जे खांद्याला लागतं ते, आमच्या आण्णांनी केलेलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. कुपवाडला एका फाउंड्रीत त्यांचा जन्म गेला. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याला तिथे पॅटर्न म्हणतात. आण्णा पॅटर्न करायचे. क्लबच्या रायफलीचं जुनं लाकूड पावसाळ्यात पिळवटलं तेव्हा सगळे म्हणाले, रायफल आता मोडीत. आण्णा एकदा मला न्यायला आले होते, त्यांनी ते लाकूड हातात घेतलं, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये मी करून देतो की."

फाउंड्रीतली जुनी शेड पाडली होती, तिचं सागवान त्यांनी जपून ठेवलेलं होतं. त्यातून त्यांनी माझ्या गालाच्या, माझ्या खांद्याच्या, माझ्या आखूड हाताच्या मापाचं लाकूड कोरलं. गुळगुळीत, मधाच्या रंगाचं. मी हरखून गेले. पहिल्या दिवशी मारून बघितलं तर गोळ्या चहूकडे. लाकूड दिसायला देखणं आणि मारायला भिकार. मी तसं तोंडावर म्हणाले. आण्णांना राग आला नाही. क्लबात एक सुभेदार होते, त्यांच्याजवळ जाऊन बसले. सुभेदार मूळचे पाटणकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आमच्या क्लबात शिकवायला आलेले. त्यांनी आण्णांना समजावलं की नळी लाकडाला टेकता कामा नये. मागे रायफलीचा पोलादी सांगाडा लाकडात घट्ट बसला पाहिजे, पण तिथून पुढे नळी पार टोकापर्यंत मोकळी, हवेत तरंगती पाहिजे. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळी दर वेळी सारखीच जाते. लाकडाचं बोट लागलं की सगळं बिघडलं.

आण्णा घरी आले, स्वयंपाकघरातून स्टीलची थाळी घेतली, एका बोटावर तोलून चमच्यानं वाजवली. खणखणीत आवाज आला. मग कडेला दुसरं बोट लावून वाजवली. आवाज बसला. "हां," म्हणाले, "आता कळलं." आई आतून ओरडली की थाळीला पोचे पाडू नका.

मग रोज कामावरून सुटले की स्कूटरवरून ते थेट क्लबात यायचे. रायफल घरी नेता येत नाही, म्हणून तिथल्याच टेबलावर त्यांचं दुकान मांडलेलं. आईची काजळाची डबी घेऊन यायचे. नळीला बोटानं पातळ काजळ लावायचं, ती लाकडात बसवायची, स्क्रू आवळायचे, परत उघडायची. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला असेल तिथे नळी टेकते. तेवढंच काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. परत काजळ, परत स्क्रू. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी खिशातून दहाची नोट काढली, नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पुढच्या टोकाकडून सरकवली आणि ती कुठेही न अडकता मागपर्यंत गेली. ती नोट त्यांनी माझ्या किटच्या बॅगेत टाकली. म्हणाले, "रोज फिरवून बघायची. अडली की मला सांगायचं."

ती कधी अडली नाही. मी जिल्ह्यात वर आले, मग त्याच्याही वर. आण्णा कुणाला काही बोलायचे नाहीत, पण माझी मॅच असली की दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

आणि एका सकाळी दात घासता घासता ते बेसिनपाशी खाली बसले. उजवं अंग गेलं, डाव्यातही जोर राहिला नाही. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा दोनच शब्द नीट येत होते, हां आणि न्हाई. बाकी सगळं घशातच अडायचं. ज्या हातानं काचेच्या तुकड्यानं केसाएवढं लाकूड काढलं, तो हात मांडीवर पडून राहायला लागला. आई त्याला तेल लावायची आणि मी दुसरीकडे बघायची.

खंडेनवमीला क्लबात हत्यारांची पूजा असते. आण्णांची फाउंड्रीतली सवय होती की हत्यार पुजायचं तर उघडून, मोकळं करून पुजायचं. यंत्राची झाकणं काढायची, आतलं पुसायचं आणि आत हळदकुंकू लावायचं, वरवर नाही. माझ्या रायफलीचंही ते दरवर्षी तसंच करायचे. नळी वेगळी, लाकूड वेगळं. गेल्या वर्षी मी त्यांना रिक्षात घालून क्लबात आणलं. खुर्चीत बसवलं. लाकूड त्यांच्या मांडीवर ठेवलं. आईनं कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची वाटी पुढे धरली. आणि आण्णांचा डावा हात, जो तोवर घास उचलतानासुद्धा चुकायचा, तो वाटीत गेला आणि चिमूट भरून आली.

हात थरथरत लाकडावर आला. अर्ध्या अक्षता खाली सांडल्या, अर्ध्या नळी बसते त्या खोबणीत पडल्या. सुभेदार डोळे पुसत म्हणाले, "झालं! देवानं ऐकलं बघा." आई तर रडायलाच लागली. मी नंतर मऊ ब्रशनं सगळं झाडून काढलं, नळी बसवली आणि स्क्रू आवळताना पाना आण्णांच्या डाव्या हातात दिला. मी खालून हाताला आधार दिला आणि शेवटचा वेढा त्यांनी दिला. तो माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. हे मी अजूनही म्हणते.

आणि त्यानंतर गोळ्या भरकटायला लागल्या.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग गोळ्यांची पेटी बदलली. मग दुसऱ्या कारखान्याच्या गोळ्या मागून आणल्या. रायफल स्थिर धरायला हाताला आवळतात तो पट्टा एक भोक सैल केला, परत आवळला. डोळे तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, झोप कमी दिसतेय. चहा सोडला, त्यानं डोकं दुखायला लागलं, गोळ्यांना काही फरक पडला नाही. रोज मारायच्या आधी दहाची नोट फिरवायची. सुळकन मागपर्यंत जायची. म्हणजे लाकूड चोख. म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलं होतं.

सुभेदारांचं तेच म्हणणं पडलं. "गोळी सुटायच्या आधी तुझा जीव सुटतोय, पोरी," ते म्हणाले. "लय इचार करतीस. घरचं घरी ठिऊन येत जा."

"एकदा उघडून बघूया का?" मी विचारलं.

"आन् परत बसवली की निशाणा पार हलंल. मोसम चालू असताना स्क्रूला हात लावायचा न्हाई. नोट जातीय न्हवं?"

"जाते."

"मग झालं तर."

मला ते ऐकून बरंच वाटलं. आण्णांनी आवळलेले स्क्रू मला उघडायचे नव्हतेच.

क्लबात अशा गोष्टी लपत नाहीत. कमिटीनं मला बोलावलं. रायफल एकच चांगली, तिच्यावर कॉलेजातली एक मुलगी बऱ्याच दिवसांपासून डोळा ठेवून होती. मुलगी गुणी. मला ताई म्हणायची, माझी चटई गुंडाळून द्यायची. तिचा धड रागही करता येईना, हा आणखी एक त्रास. कमिटीनं ठरवलं की साताऱ्याला निवडचाचणी आहे, तिथे मी पात्रतेचे गुण मिळवले तर रायफल माझ्याकडे राहील. नाही मिळवले तर ती मुलीला जाईल. मुलीच्या वडिलांनी तिच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा नवा साचा लाकडाऐवजी मागवायचं कबूल केलं होतं. हल्ली तोच चालतो, त्याला ना पाऊस ना ऊन. "मग लाकडाचं काय?" मी विचारलं. कमिटीतले एकजण चांगल्या मनानं म्हणाले, "तुम्ही घेऊन जा की घरी. आठवण म्हणून."

आठवण! माणूस घरात जिवंत बसलाय आणि हे आठवण म्हणतात. मी उठून बाहेर आले आणि क्लबच्या संडासात दार लावून रडले.

आण्णांच्या हातून झालेलं शेवटचं काम ते होतं. कुपवाडच्या फाउंड्रीत त्यांनी केलेले पॅटर्न कधीच जळणात गेले असतील. घरातला देव्हारासुद्धा त्यांनी विकत आणलेला. एवढी एकच वस्तू होती जी जगात कुठेतरी अजून काम करत होती. ती माळ्यावर पडली की आण्णाही पडले, असं माझ्या डोक्यानं धरलं. ते खरं होतं की नाही, ठाऊक नाही, पण मी त्यावर जगत होते.

आण्णांना गुणांबद्दल मी काही सांगितलेलं नव्हतं. पण संध्याकाळी मी घरात शिरले की ते पलंगाच्या कडेवरून डाव्या हाताचं बोट पुढून मागे सरकवायचे आणि भुवया उंचवायचे. नोट जाते का?

"जाते, आण्णा. पार मागपर्यंत."

"हां," म्हणायचे. मग तेच बोट माझ्याकडे करायचे. म्हणजे, मग तुझं काय?

"झकास," मी सांगायची.

एके दिवशी शाळेत मी पोरांवर विनाकारण ओरडून आले होते, रेंजवर दहातल्या तीन गोळ्या बाहेर गेल्या होत्या, आणि घरी येते तो आण्णांचं बोट पलंगावरून सरकायला लागलं. माझा तोल सुटला. "जाते हो नोट! नोटेचं काय घेऊन बसलाय रोज रोज!"

बोट तिथेच थांबलं. त्यांनी हात उचलून मांडीवरच्या मेलेल्या हातावर ठेवला. आई आतून आली. "बापावर वरडतीस व्हय गं? काय झालंय काय तुला?" तिनं मला आत नेलं, मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिची खात्रीच पटली की दृष्ट जबर आहे. मी काढू दिली. त्या दिवसांत कुणी मला विहिरीत उलटं टांगून घे म्हणालं असतं तरी मी घेतलं असतं.

नंतर कितीतरी दिवस आण्णांनी नोटेचं विचारलंच नाही. ते मला ओरडले असते त्यापेक्षा हे जास्त लागलं.

चाचणी जवळ आली तशी सुभेदारांनाही धीर धरवेना. म्हणाले, "कदाचित लाकूड तापलं की फुगत आसंल. नोटीला कळत न्हाई. फुडनं जरा आनखी घासून घेऊया." मी पॉलिश पेपर घेऊन आले. क्लबात कुणी नव्हतं. खोबणीच्या पुढच्या कडेवर पेपर ठेवला आणि घासला. एकदा. परत एकदा. सागाचा वास आला. आण्णांच्या शर्टाला यायचा तो. बारीक पिवळी पूड माझ्या बोटावर पडली आणि मला कळेना मी काय काढतेय. तिथे नळी टेकतच नव्हती. जे बरोबर आहे ते मी घासत होते, केवळ काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही म्हणून. पेपर टाकून दिला आणि त्या कडेवर बोटानं तेल लावत बसले. ओरखडा काही गेला नाही.

साताऱ्याला आम्ही आदल्या दिवशी गेलो. सकाळी अजिंक्यताऱ्यावर धुकं होतं आणि थंडी अशी की बोटं आपली वाटेनात. मी चटईवर पडले, पट्टा हाताला आवळला, गाल आण्णांच्या लाकडावर टेकवला. लाकूड थंड होतं, मग हळूहळू माझ्या गालाएवढं गरम झालं. पहिल्या दहा गोळ्या अशा गेल्या की मागे दुर्बिणीशी बसलेल्या सुभेदारांचा खाकरण्याचा आवाजसुद्धा आनंदी वाटला. मला वाटलं, गेलं. जे काय होतं ते गेलं.

दुसऱ्या दहात दोन बाहेर गेल्या. उजवीकडे वर. मी श्वास सोडला, डोळे मिटले, आण्णांची थाळी आठवली. परत मारल्या. पट्टा थोडा आणखी ओढून घेतला, घट्ट, अगदी रग लागेपर्यंत, की आता हलणारच नाही. तर तीन बाहेर. जितकी मी घट्ट धरत होते तितकी रायफल मला सोडून चालली होती. शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि पाणी आलेल्या डोळ्याला समोरचं काळं वर्तुळ फुगल्यासारखं दिसतं. तशीच मारत राहिले. शेवटची गोळी मधोमध गेली. तिचा उपयोग नव्हता.

गुण लागायच्या आधीच मला ठाऊक होतं. बाजारातून सुभेदारांनी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि माझ्या हातात कोंबला. "रिकाम्या हातानं घरला जायचं न्हाई," म्हणाले. कराड येईपर्यंत मी तो पुडा मांडीवर धरून बसले होते. त्याचा मला इतका राग आला होता की गाडीतून फेकून द्यावासा वाटत होता.

घरी आण्णा जागे होते. त्यांनी किती दिवसांनी पलंगाच्या कडेवर बोट ठेवलं आणि हळूच मागे सरकवलं. मी मान हलवली, म्हणजे नोट जाते. मग ते बोट माझ्याकडे वळलं आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं घातलं. डावा हात माझ्या केसांतून फिरत राहिला.

रायफल द्यायची ती रविवारी. आण्णांना मी येऊ नका म्हणत होते, पण त्यांनी चपलेकडे बोट केलं ते केलंच. त्यांना त्यांचं लाकूड स्वतः घरी न्यायचं होतं. क्लबात त्यांना टेबलापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मुलगी आली होती, तिचे वडील आले होते, काळा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा साचा खोक्यातून काढून ठेवला होता. सुभेदारांनी पाना माझ्या हातात दिला. "तूच उघड," म्हणाले.

मी स्क्रू सोडले. नळी आणि सांगाडा उचलून बाजूला ठेवला आणि लाकूड माझ्याकडे वळवलं. मागच्या बाजूला, जिथे पोलाद लाकडात घट्ट बसतं, स्क्रूच्या भोकाच्या अगदी कडेला एक लाल पापुद्रा चिकटला होता. मेथीच्या दाण्याएवढा, चपटा. नखानं काढला. खाली लाकडावर बारीकसा खळगा पडला होता. मी तो पापुद्रा उजेडात धरला. तांदूळ होता. कुंकवात भिजलेला, स्क्रूखाली चिरडून सपाट झालेला तांदळाचा दाणा.

सगळं एका दमात कळलं. तो दाणा मागे पोलादाला केसभर उचलून धरत होता. रायफल टेबलावर असली की पुढे नळी मोकळी, नोट सुळकन जायची. मी पट्टा ओढला, वजन टाकलं, की सगळं मिळून जरासं कलायचं आणि नळी लाकडाला टेकायची. कधी टेकायची, कधी नाही. मी जितका जोर लावायची तितकी जास्त. नोट त्या दाण्यापर्यंत जातच नव्हती. मी वेडी नव्हते. माझे डोळे, माझा श्वास, माझं बोट, सगळं धड होतं. लाकूडही धड होतं.

मी ओरडणारच होते. सापडलं, हे बघा, सापडलं! तोंड उघडलंसुद्धा. हे दाखवलं असतं तर कमिटीनं आणखी एक संधी दिली असती. सुभेदार माझ्यासाठी भांडले असते. लाकूड रायफलीवर राहिलं असतं.

समोर आण्णा बसले होते. डावा हात गुडघ्यावर. ज्या हातानं चिमूट भरली म्हणून आम्ही सगळे रडलो होतो, तो हात. दाणा दाखवायचा म्हणजे तो कुणाच्या हातून पडला तेही दाखवायचं. त्या हातानं त्या दिवसानंतर घास नीट उचलायला सुरुवात केली होती, शर्टाची बटणं लावायला सुरुवात केली होती.

"काय गं? काय सापडलं?" सुभेदारांनी विचारलं.

मी दाणा जिभेवर ठेवला आणि गिळला. बंदुकीच्या तेलाची कडवट चव तोंडभर झाली. "काही नाही," मी म्हणाले. "कचरा होता."

मुलीनं नळी नव्या साच्यात बसवली. आण्णांचं लाकूड मी चादरीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर दिलं आणि आम्ही रिक्षानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांना एकट्याला गाठून सांगावं म्हणून मी गेले होते. पण पुरावा माझ्या पोटात. आणि सुभेदार दर गुरुवारी आण्णांशी गप्पा मारायला यायचे, त्यांच्या पोटात काही राहत नाही. चहा पिऊन परत आले. पुढे ती मुलगी छान मारायला लागली. क्लबात सगळे म्हणायला लागले की शेवटी लाकडातच खोट होती, अ‍ॅल्युमिनियम ते अ‍ॅल्युमिनियम. मी ऐकून घेते. एकदा तर मानही डोलावली. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आता मी क्लबच्या दुसऱ्या, जुन्या रायफलीवर मारते. बरी आहे.

लाकूड आण्णांच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभं असायचं. संध्याकाळी ते मांडीवर घ्यायचे आणि डाव्या हाताचं बोट खोबणीतून पुढून मागे, पुढून मागे फिरवत बसायचे. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून.

यंदाची खंडेनवमी घरीच केली. पाटावर लाल कापड घातलं. त्यावर आण्णांची पटाशी, कानस, आईची विळी आणि मधोमध ते लाकूड. आईनं कुंकवात भिजवलेल्या अक्षतांचं ताट आण्णांच्या पुढे धरलं. हात आता पुष्कळ सुधारलाय, चिमूट सहज भरते.

आण्णांनी ताट बाजूला सारलं. लाकूड उचलून मांडीवर घेतलं, खोबण वर केली आणि खाली वाकून मागच्या स्क्रूच्या भोकापाशी, नेमकं त्याच जागी, फुंकर मारली. अर्ध्या तोंडाची फुंकर, वाकडी गेली. परत मारली. मग तर्जनीचं टोक त्या खळग्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आवं, अक्षता टाका की," आई म्हणाली. "पूजा अर्धीच ऱ्हायली."

"न्हाई," आण्णा म्हणाले. एवढं स्पष्ट मी त्यांच्याकडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि बोट अजून तिथेच होतं.

मी परडीतलं झेंडूचं एक फूल त्यांच्या हातात दिलं आणि अक्षतांचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं.